हसरं पान

बंगलोर, मंगळवार, ४ ऑगस्ट १९५९

आज चांगलीच फजिती झाली. थोरल्या नणंदबाई, म्हणजे अक्का, महिन्याने म्हैसूरहून आल्या आणि थेट दिवाणखान्यातल्या मनीप्लँटपाशी गेल्या. "पांढरे पट्टे कुठं गेले ग?" नवी पानं सगळी हिरवीगार! जाताना झाडावर लक्ष ठेवायचं, एवढं एकच काम मला सांगून गेल्या होत्या.

मला मात्र झाड खुशाल वाटत होतं. शेजारच्या कमलम्मा रोज पान हातात धरून "हसिरु, हसिरु" म्हणायच्या. मला वाटलं, हसरं म्हणताहेत. पुण्याहून येऊन सहा महिने झाले, एवढं कानडी कळणार नाही? कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यातच राहिली.

हे सांगितल्यावर अक्कांनी कपाळाला हात लावला. "हसिरु म्हणजे हिरवं! उजेड नाही म्हणून सांगत होती ती बिचारी." कुंडी खिडकीत नेली, हिरवा शेंडा कात्रीने कापला. या घरात माझ्या हातून आणखी काय बिघडणार आहे, कोण जाणे.

संध्याकाळी बघते तर तोच शेंडा पाण्याच्या पेल्यात, माझ्या खोलीच्या खिडकीवर.

"स्वल्प, थोडं लक्ष ठेव," अक्का म्हणाल्या. "हे तुझं हसरं."