माळ वाढली, कावीळही

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार

ती. सौ. विजयमाला वहिनींना नमस्कार.

दादाचा गुडघा कसा आहे? केमच्या आरोग्य केंद्रात तुमच्याशिवाय दुसरी नर्स आली का, की अजून सगळं गाव तुमच्याच अंगावर? (हे विचारताना माझं लक्ष उत्तराकडे नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.) खोटं फोनवर बोललो होतो, म्हणून कबुली कागदावर देतो आहे.

मार्चमध्ये माझे डोळे पिवळे झाले तेव्हा तुम्ही बजावलं होतं, ‘भाऊजी, आधी सोनोग्राफी.’ दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, केली, नॉर्मल आहे. केली नव्हती. शेजारचे सिद्रामप्पा मला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेले होते. ‘सर, माळ घाला की. तोटा काय हाय?’ एवढ्यावर एम.ए. झालेला शिक्षक चपला घालून त्यांच्यामागे निघाला. काड्यांची इवली माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत गळ्यात येते, मग कमरेशी, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली. मी ती रोज टेपने मोजून डायरीत लिहीत होतो. रोज दोन बोटं वाढायची. (काड्या सुकून आकसल्या की दोरा सैल पडतो, हे तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं. तरी मोजत राहिलो. का?) बाविसाव्या दिवशी माळ गुडघ्यापर्यंत पोचली आणि मी घेरी येऊन फळ्यापाशी खाली बसलो. कावीळ माळेपेक्षा जोरात वाढली होती.

मग सोनोग्राफी झाली. यकृतातून पित्त आणणारी माझी नळी जन्मापासूनच फुग्यासारखी फुगलेली निघाली. अशा फुग्यात पुढे कर्करोगही होऊ शकतो म्हणे. डॉक्टरांनी पोटाला चार भोकं पाडली, दुर्बीण घातली, सहा तासांत फुगा काढला आणि आतडं वर ओढून यकृताला जोडलं. काढलेला फुगा तपासणीला गेला आहे. रिपोर्ट शनिवारी येईल.

भेटायला येणाऱ्यांचा मात्र यावर विश्वास बसत नाही. आपल्याकडे आजार टाक्यांच्या लांबीवर ठरतो. समोरच्या गिरिजाबाईंनी मला शर्ट वर करायला लावला आणि त्या हिरमुसल्याच. ‘एवढंच व्हय? माजं बगा, चांगलं वीतभर हाय!’ मी इतका ओशाळलो, की त्यांनी आणलेली शहाळी परत द्यावीत असं वाटलं.

त्या बावीस दिवसांनी काही बिघडलं का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘फुगा चव्वेचाळीस वर्षं होता, सर.’ याचा अर्थ हो की नाही, हे डायरीत दोन पानं लिहूनही मला ठरवता आलेलं नाही. तुमची जाऊ चेतना दिवसभर हसतमुख असते आणि न्हाणीघरात गेली की नळ उगाच सोडून ठेवते.

तुमचा दीर,
उदयसिंह

ता. क. पत्र सिद्रामप्पांच्याच हाती पाठवतो आहे. त्यांच्यावर रागावू नका. मला भरती केल्यापासून त्यांनी पान खाणं सोडलंय, आणि ते मला सांगितलेलंही नाही.

आणखी एक. रिपोर्ट शनिवारी येईल, हे वर लिहिलं ते खोटं आहे. तो कालच आला. पाकीट न उघडता या पत्राबरोबरच पाठवतो आहे. चेतनालाही मी शनिवारच सांगितलाय. आधी तुम्ही वाचावा, मग तिला आणि मला कसं सांगायचं ते पाहावं. सिद्रामप्पांबरोबर परतीच्या गाडीनेच या. निघताना दादाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आता नवं खोटं सुचत नाही.