लहानाचं अनेकवचन

प्रिय एयविन,

वादळाने तारायंत्राचे खांब पाडलेत, तार जात नाही. तुझा मावसभाऊ ओड्वार दुपारी लोफोतेनला तुमच्याकडे मासेमारीला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. सकाळपासून तीनदा चूल पुसली. हाताला काम नसलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. तुझ्या आईने सुका मासा पाठवला आणि वर निरोप, "डेन्मार्कच्या सूनबाई, नुसता लोणी-पाव खाऊन दिवस काढू नका!"

काल शाळेत 'लहान' या शब्दाची रूपं शिकवली. आम्हा डॅनिश लोकांचं एका 'लिले'वर भागतं. मुलगा लिले, मुलगी लिले, घरही लिले. तुम्हा नॉर्वेकरांचे नखरे किती! मुलगा 'लीतेन', मुलगी 'लीता', घर 'लीते', आणि 'तो लहानगा' म्हणायचं तर परत 'लिले'. लग्नानंतर मी चारचौघांत तुझ्या भाचीला 'लीतेन' म्हटलं, तेव्हा तू ओरडलास, "मास्तरीणबाई नापास!" वर्गातल्या मुलांना सांगितलं, ही सगळी एकाच आजोबांची नातवंडं, जुन्या भाषेतल्या 'लीतिल'ची. अनेकवचनातलं 'स्मो' मात्र दुसऱ्याच घराण्यातलं. पण ते तुमच्या-आमच्याकडे एकच.

शाळा सुटल्यावर बोर्गहिल सुईण आली. पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "स्मो जागे आहेत."

मी हसले. "बोर्गहिलबाई, एकट्याला लिले म्हणतात. तुम्हीही नापास?"

"जन्म गेला माझा या भाषेत!" ती खेकसली. "दोन आहेत, म्हणून स्मो म्हटलं."

एयविन, मी हसतच राहिले, मग रडू आलं. दारापर्यंत जाऊन तुला हाक मारणार होते, इतकी वेडी झाले होते. पण बोर्गहिल हसली नाही. नळी डावीकडे सरकवून ती पुन्हा ऐकत बसली.

दुसऱ्याचा ठोका फार मंद आहे. बाळंतपण इथे नको म्हणाली. उद्याच्या बोटीने मी ट्रॉम्सोच्या इस्पितळात जाते आहे. डॉक्टर कदाचित लगेच पोट उघडतील. हंगाम ऐन भरात आहे, तुमच्या बोटीवर माणूस कमी पडून चालत नाही, सगळं कळतं मला. म्हणूनच आजवर कधी 'ये' म्हटलं नाही. ओड्वार तुझ्या जागी जाळी ओढेल, मी त्याच्याकडून तसा शब्द घेतला आहे. तू मिळेल त्या बोटीने ट्रॉम्सोला ये. त्या ऑपरेशनच्या टेबलावर मला एकटीने चढायचं नाही.

तुझीच,
बिर्थे