पाकिटावरचा देश

कोमार्नो, ६ नोव्हेंबर १९३१

चि. देझो यास, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आईचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसला तरी पुष्कळ. तिला एकच ध्यास आहे. पंचवीसला कातालिनचा दिवस, तिच्या नावाचा सण. त्या दिवशी तू समोर बसून जेवावंस. तू फक्त तिथल्या चेक वकिलातीतून पासपोर्टावर प्रवेशाचा शिक्का मारून आण. आपण युद्ध हरलो, डॅन्यूबच्या मधोमध सरहद्द पडली, आपलं घर चेकोस्लोव्हाकियात गेलं. तुझ्या रुसण्याने ती सरहद्द तसूभर हललेली नाही.

आणि बाबा रे, पाकिटावर ‘हंगेरी’ लिहिणं आता सोड. तुझं मागचं पत्र इथल्या टपालवाल्यांनी एकदा परत धाडलं होतं, महिनाभर भटकून माझ्या हाती आलं. विल्माला आणि पोरींना गोड पापा. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई,
एतेल्का

बुडापेस्ट, १४ नोव्हेंबर

ती. ताईस देझोचा सा. नमस्कार, वि. वि.

जिथे जन्मलो त्या घरात जायला परक्यांचा शिक्का? मरेन, पण मागणार नाही. अगं, मी आरमारातला अधिकारी. आमचं जहाज शांघायच्या धक्क्याला लागलं की इंग्रज कप्तानसुद्धा सलाम ठोकायचे. आता देशाला समुद्रच उरला नाही, आणि मी नदीवरच्या मालवाहू होड्यांच्या कचेरीत कांद्याच्या पोत्यांच्या पावत्या फाडतो. पॅरिसला तहाच्या नावाखाली चार म्हाताऱ्यांनी नकाशावर कात्री चालवली. यंदा त्याच पॅरिसच्या दारात आमचं सरकार कर्जाला गेलं! जगात आम्हाला कुत्रं विचारत नाही.

पण आईसाठी एवढं करतो. तुम्हा काठावरच्या लोकांना शिक्क्याविना ये-जा करायला पुलाचा पास आहे. पंचवीसला दुपारी तिला गाडीत घालून पूल ओलांड. मी आपल्या टोकाला उभा असेन. उत्तराची वाट बघत नाही, येतोच. आईच्या पायावर डोकं.

तुझा,
देझो

बुडापेस्ट, २६ नोव्हेंबर

ताईस,

काल अंधार पडेपर्यंत पुलाच्या टोकाला उभा होतो. हातात अक्रोडाचा केक, अंगात ठेवणीतला आरमारी कोट. पहाऱ्यावरचे शिपाई खुशाल हसत होते. तुला एक म्हातारी नदीपार आणता आली नाही? चेकांची भाकरी एवढी गोड लागायला लागली? तुझं नावही लिहावंसं वाटत नाही. पत्ता विल्मा लिहील.

देझो

कोमार्नो, १ डिसेंबर

देझो,

आज आशीर्वाद लिहवत नाहीत.

तुझं सव्वीसचं पत्र चार दिवसांत, काल पोचलं. विल्माने गुपचूप चेकोस्लोव्हाकिया लिहिलं होतं. चौदाचं पत्र आज आलं. पाकिटावर तुझं टपोरं ‘हंगेरी’, त्यावर शिक्क्यांची गर्दी आणि निळ्या पेन्सिलीची काट.

पंचवीसला आईला कधी नव्हे ते बरं वाटत होतं. सूप प्याली, राखाडी रेशमी झगा घालून दे म्हणाली. गाडीत सहज बसली असती. पूल दिसतो त्या खिडकीपाशी बसून होती. दुपारी म्हणाली, पलीकडे कुणीतरी मघापासून उभं आहे, आपला देझो तर नाही? मी खेकसले तिच्यावर. म्हटलं, त्याला साधं उत्तर धाडवलं नाही, तो कसला येतोय? पडदा ओढून घेतला मी.

रविवारी पहाटे ती गेली.

मीही त्या युद्धावर चिडते, पॅरिसच्या म्हाताऱ्यांवर चिडते. माझा नवरा त्यात मेला, तुझं तर नुसतं आरमार बुडालं. पण तुझा समुद्र त्यांनी नेला असेल. आईची ही भेट तू घालवलीस, आणि तो पडदा तू मला ओढायला लावलास.

शुक्रवारी दुपारी दफन आहे. शिक्का एका दिवसात मिळतो म्हणे. यायचं नसेल तर दोन ओळी लिही, आणि पत्ता विल्माकडून घालून घे.

एतेल्का