उपासाची कवळी

गुरुवार, एकादशी. डिसेंबर १९५६.

आईची कवळी आज कामातून गेली. खंडव्याच्या दंतवैद्यानं बजावलं होतं की थंड पाण्यात ठेवा, मऊ ब्रशानं घासा. मीही पुन्हा सांगितलं होतं. तरी सकाळी नदीवर, इथल्या राजघाटावर आंघोळ करून आली आणि राखेनं घासून कवळी उकळत्या पाण्यात टाकली. आता वाकडी झाली, हिरड्यांवर बसत नाही. उकळतं पाणी! पितळेची तपेली आहे का ती?

भाकरी चावून खायला लागली होती, जरा अंग धरलं होतं. आता पुन्हा दुधात कुस्करून. आधाराला एकही दात नाही म्हणून पक्के दात बसवता येत नाहीत. नवी कवळीच करायला हवी.

संध्याकाळी चिडून विचारलं, "उकळायची काय गरज होती?"

"रोज त्याच दातांनी कांदा-भाकर खाते. उपासाला तशीच घालू? नवी करशील तर दोन कर, उपासाची वेगळी."

"स्वतःचे दात होते तेव्हा कुठे दोन जोड होते?"

"ते देवानं दिले होते रे."

यात तिचं चुकलं कुठे, ते शोधूनही सापडत नाही. म्हणून तर राग जात नाही. दोन सांगाव्या लागणार.