सायलेन्सर काढायच्या आधी

२ मार्च

धावपट्टीचे साहेब आज आमच्या शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "महिनाअखेर आवाज मापात आणा, नाहीतर विमान दुसरीकडे न्या." दुसरीकडे म्हणजे कुठे? डोक्यावर घेऊन फिरू? दादाने आणि मी एवढी वर्षं घालून हे दोन सीटचं विमान बांधलं, ते याच धावपट्टीच्या भरवशावर. दादा एकटा उडून झाला. माझी पाळी अजून यायची आहे!

तक्रार धावपट्टीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंची. तीनदा आल्या. तिसऱ्यांदा मी फणकाऱ्याने म्हटलं, "कानात बोळे घाला." भांडकुदळ बाई!

३ मार्च

झोपले रागात, उठले प्रश्न घेऊन. आपलंच इंजिन एवढं का बोंबलतं? शेजारच्या शेडमधलं पिस्टनचं इंजिन ताकदीला आपल्याएवढंच, पण निदान माणसात आहे.

"आपल्यात झडपच नाही, खुळे," दादा म्हणाला. अरे हो! पिस्टनवाल्यात झडप हळूहळू उघडते, धूर दबकत बाहेर येतो. आपला तिकोनी रोटर गरगर फिरत येतो, त्याची कड धुराच्या भोकावरून सरकली की दार सताड उघडं! सगळा जाळ एकदम बाहेर. फटाक्यांची माळच. शिवाय फिरतं इतकं जोरात, की पंख्याला झेपावं म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालावा लागलाय.

मग धुराच्या नळीचं तोंड आवळलं तर? आवाज कमी होईल. पण धूर आतच तुंबला तर नवी हवा कुठे शिरणार? नाक दाबून पळायला सांगितल्यासारखं.

मजा आहे पण. दिवसभर हेच डोक्यात.

७ मार्च

पहिला डबा, म्हणजे आपला घरगुती सायलेन्सर. आत जाळी, जाळीभोवती स्टीलचा कीस ठासलेला. चालू केलं — आहाहा! दादाने पाठीत अशी थाप मारली की मी पुढे गेले. जरा वेळाने पुन्हा बोंब सुरू. कीस पेटून, उडून थेट गवतात! दादा पोत्याने गवत बडवतोय आणि मला हसू आवरेना.

"दात काय काढतेस, पाणी आण!"

८ मार्च

स्टीलचा कीस जळतो. आपल्याला वाटलं होतं, नाही जळणार. शहाणे!

१३ मार्च

दुसरा डबा. आत आडवे पत्रे, धुराला नागमोडी वाट. आवाज मस्त उतरला. ताकदही उतरली — थ्रॉटल पूर्ण दिला तरी फेरे चढेनात. दादा तसाच उडाला. टोकाच्या झाडांवरून इतक्या खालून गेला की माझा जीव टांगणीला.

उतरल्यावर घाम पुसत म्हणाला, "एकटा कसाबसा निघालो. तू बसलीस तर शेंड्यातच राहू."

"मी जाड आहे असं म्हण ना सरळ."

"दोघं म्हटलं गं, जाडी कुठे काढली!"

१८ मार्च

काकूंच्या घरी गेले. माफी मागायला नाही, आवाज तिथून कसा लागतो ते बघायला. दादाला सांगितलं होतं, डबा काढून इंजिन चालव. काकूंनी मला आतल्या खोलीत बसवलं. त्यांचे यजमान खाटेला खिळलेले. इंजिन सुरू झालं आणि खिडकीची तावदानं थरथरली. यजमानांचे ओठ हलताना दिसले. शब्द एक नाही.

"तुम्ही चालू केलंत की दुसरं काही ऐकूच येत नाही हो," काकू नंतर म्हणाल्या. "त्यांना पाणी हवं असतं, कधी कूस बदलायची असते. मी स्वयंपाकघरात. मला कसं कळणार?"

कानात बोळे घाला म्हणाले होते मी! फार लाज वाटली.

२४ मार्च

तिसरा डबा. पत्रे काढून टाकले. लांबलचक, पोटाने मोठा, आत भोकं पाडलेली सरळ नळी. धुराला आधी ऐसपैस पसरू द्यायचं, मग वाट द्यायची. जमलं! आवाज मापात आणि ताकदही बरीचशी परत आली. बरीचशीच. दोघांना पुरणारी नाही.

दादा म्हणतो, "तपासणी झाली की काढू. चार तर बोल्ट. एका फेरीने कोणाचं काय जातंय?" मी गप्प बसले. बसायचं मलाच होतं ना!

३० मार्च

तपासणीत पास! साहेब चक्क हसले. काकू कुंपणापाशी आल्या होत्या, त्यांनी लांबूनच हात जोडले. मला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात दादा कानाशी — "उद्या सकाळी. डबा काढायचा, तू बसायचंस."

हो म्हटलं.

३१ मार्च

पाना हातात घेतला होता. पण मन होईना. म्हटलं, दादा, एकदाच चालव, आपला डबा मला शांतपणे ऐकू दे, मग काढते. त्याने इंजिन हळू फिरतं ठेवलं. मी बाजूला उभी. फुरफुर फुरफुर... आणि त्यात बारीकसं टक्. पुन्हा टक्.

"दादा, हे आधीपासून होतं?"

"आधी काही ऐकू येत होतं का?"

गिअरबॉक्स उघडला. पंख्याकडच्या गिअरचा एक दात गेलेला, शेजारचे दोन तडकलेले. डबा काढून उडालो असतो तर आत्ता दोघंही झाडांवर असतो — पंखा बंद पडलेला.

१ एप्रिल

काकूंना सांगायला गेले. सांगता आलंच नाही, त्यांचे हात धरून नुसती रडले. आतून यजमानांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

मैदानावर शेजारच्या शेडवाल्याचं इंजिन चालू होतं. तरी स्पष्ट ऐकू आलं.