घंटेनंतरचं नाव

३ मार्च
पोचले बाई एकदाची! ट्रंक, पिशवी आणि मी, तिघीही धडधाकट. निघताना वहिनी म्हणाली, पोचल्यावर कळवा हो वन्सं, आणि मी शेवटची पायरी उतरायच्या आत दार लावून घेतलं. दादा अंघोळीला गेला होता. असो. मनाला लावून घ्यायचं वय राहिलं नाही माझं.

वृद्धाश्रम टुमदार आहे. कपडेघर माझ्या ताब्यात आलंय. बहात्तर चादरी, तेवढेच अभ्रे, टॉवेल वेगळे. सगळ्यांवर लाल दोऱ्याने नंबर. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो म्हातारा असो की नोकरमाणूस, एक नंबर असतो. चादर, कप, खुर्ची, सगळं त्याच नंबरचं. मला सत्तावीस मिळाला. रात्री झोपण्यापूर्वी माझ्या चादरीवर मी स्वतःच टाके घालणार आहे, आणि चांगले ठसठशीत घालणार आहे.

आचारीणबाईंनी मला दोनदा विचारलं, तुम्ही कोणाला भेटायला आलात? दोन्ही वेळा सांगितलं, नोकरीला. लोकांच्या नजरेत न भरणं ही माझी जन्मजात कला आहे.

५ मार्च
न्याहारीनंतर सगळे प्रार्थनाघरात जमतात. आश्रमाच्या प्रमुख मदर पुढे बसतात. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. कोणासाठी प्रार्थना हवी असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून पेटीत टाकायचं. मदर ती नावं एकेक करून वाचतात आणि चाळीसएक माणसं प्रत्येक नावाला 'आमेन' म्हणतात. मग छोटी घंटा वाजते आणि पुढची नावं सुरू होतात. ती काही मला ऐकायला मिळत नाहीत, कारण घंटेलाच धोब्याची गाडी येते आणि मला पळावं लागतं.

मोजे विणणाऱ्या एक आजी आहेत, डोळ्यांनी पार अधू. मी दारातून आत गेले की पावलांवरून ओळखतात. म्हणाल्या, तू टाच आपटत चालतेस गं, तुझ्यासाठी जाड तळव्याचे विणते. एवढ्यावर मला रडू आलं. कमालच आहे माझी.

६ मार्च
टेबलावर मदरच्या अक्षरात कागद होता: 'चौदा उसवणे'. चौदा नंबरचे आजोबा पहाटे गेले. इथली रीत अशी की माणूस गेला की नंबर उसवायचा, कप काढायचा, खुर्ची भिंतीकडे फिरवायची. प्रार्थना सोडून त्याचं नाव कोणी काढायचं नाही, नाहीतर बाकीचे म्हातारे हाय खातात. मी चौदा आकडा उसवला. दोरा जुना होता, सुळकन निघाला.

९ मार्च, रविवार
आज वेड्यासारखं एक केलं. लिहायलाही लाज वाटते.

बाबा सुतार होते. बाजारात मी मागे राहिले की गर्दीतून येऊन खांद्यावर हात ठेवायचे आणि माझं नाव घ्यायचे. हात खरखरीत, लाकडाच्या भुशाचा. ते गेल्यावर मला माझ्या नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. घरी मी वन्सं, आत्या, 'ती'. इथे सत्तावीस.

म्हणून चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं. पेट्या दोन आहेत. एक मदरच्या खुर्चीला लागून, तिथे जायचं म्हणजे सगळ्यांसमोरून जायचं. स्वतःचं नाव स्वतःच टाकताना कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं! दुसरी पेटी खिडकीच्या कोपऱ्यात आहे. तिच्यात टाकली आणि निघाले.

१० मार्च
नाव आलं! घंटेपर्यंत आलं नाही, तेव्हा हिरमुसून उठले होते. घंटेनंतर तिसरं नाव माझं. मदरनी सावकाश, स्पष्ट वाचलं. चाळीस माणसं म्हणाली, आमेन. मी दारातच उभी राहिले. धोबी बाहेर खोळंबला, खोळंबू दे.

११ मार्च
माझा कप हुकावर नाही. जेवणघरात माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून. कोणाचा तरी वेंधळेपणा. आचारीणबाईंना सांगितलं तर त्या भांडी घासत राहिल्या.

आजींना सहज विचारलं, घंटेनंतर कोणाची नावं असतात? विणता विणता त्या म्हणाल्या, गेलेल्यांची गं. खिडकीजवळची पेटी त्यांचीच. चाळीस दिवस नाव घ्यायचं, मग चिठ्ठी चुलीत.

मी हसले. जिवंत बाईसाठी चाळीस माणसं रोज शांती मागताहेत! धांदरटपणा माझाच, निस्तरायलाही मीच हवी. उद्या मदरना सांगते.

१२ मार्च
मदरच्या टेबलासमोर उभी राहिले. चूक कबूल केली, माफी मागितली. त्यांनी चष्मा पुसला. दारातून वारा येतोय, असं स्वतःशीच म्हणाल्या, उठल्या, माझ्या बाजूने गेल्या आणि दार लावून आल्या.

१३ मार्च
योग्य पेटीत चिठ्ठी टाकली. सगळ्यांसमोरून गेले. कोणी मान वर केली नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, मी आहे.

मदरनी ती उघडली, उलटसुलट केली आणि बाजूला ठेवली. नंतर तिच्यावर वाणसामानाची यादी लिहिली. म्हणजे कोरी दिसली असणार.

१४ मार्च
टेबलावर कागद: 'सत्तावीस उसवणे'.

बराच वेळ बसले. मग कात्री घेतली. काम ते काम. दोन उसवला. सात राहू दिला. दोरा नवा होता, निघता निघेना.

१७ मार्च
भूक लागत नाही. भीतीही फारशी वाटत नाही. बधिर झाल्यासारखं आहे, दाढ काढल्यावर गाल होतो तसं.

आजींच्या दारात मुद्दाम टाच आपटली. त्या थांबल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, पोरीसाठी मोजे विणत होते, एकच झाला, तोवर गेली बिचारी. मांडीवर एकच मोजा होता. जाड तळव्याचा.

२० मार्च
दादा आला. माझी ट्रंक न्यायला. मला भेटायला तो आजवर कधी कुठे आला नव्हता.

माझ्या उघड्या गादीवर बसला आणि ढसाढसा रडला. मदरना म्हणाला, तिच्याकडे लक्षच दिलं नाही हो आम्ही. मी त्याच्या समोर, हातभर अंतरावर. दादा, मी आहे, मी आहे, असं किती वेळा म्हटलं कोण जाणे. त्याने नाक पुसलं आणि ट्रंक उचलली.

ही वही माझ्या हातात होती म्हणून तेवढी मागे राहिली.

२५ मार्च
खोटं कशाला बोलू, मी सकाळची वाट बघते. घंटा, मग माझं नाव, मग आमेन. दिवसभरात तेवढंच.

आज सगळे गेल्यावर तिथेच बसून राहिले. पाठ केलेली प्रार्थना सुचेना, म्हणून क्रुसावरच्या खिळे ठोकलेल्या हातांकडे बघून नुसतीच बोलले. म्हटलं, प्रभू, तूही माझ्या बाबांसारखा सुतार, आणि तुलाही तुझ्या माणसांनी ओळखलं नाही म्हणतात. तुझ्या जिवावर बेतलं तेव्हा तुझे सोबती झोपले होते. तेव्हा तुला कळेल. तू तरी बघतोस ना?

काही झालं नाही. उजेड नाही, आवाज नाही. पण बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतल्यासारखं.

२ एप्रिल
रोज जाते. चादरींचं सांगते, दादाचं सांगते. एकदा विनोदही सांगितला. बाहेर मला कोणी नाही. आत आहे. म्हणजे, मला असं वाटतं.

आज मोजले. चाळिसावा दिवस अठरा तारखेला. त्यानंतर नाव नाही. नाव कोणीच घेतलं नाही, तर मग मी—

९ एप्रिल
कपडेघरात नवी बाई आली. तिला सत्तावीस मिळाला. चादरीवरचा सात बघून म्हणाली, हे कोणी अर्धवट ठेवलंय. आणि उसवला.

माझी बोटं खिडकीसमोर धरली. खिडकी दिसते. बोटांच्या आरपार.

१४ एप्रिल
पावलांचा आवाज येत नाही. टाच आपटली तरी.

१७ एप्रिल
उद्या.
प्रभू, मोठं काही मागत नाही. चिठ्ठी जळाल्यावर एकदा तरी माझं नाव घे. एकदाच. तुला माहीत आहे ना ते—

१८ एप्रिल, सकाळ
प्रार्थनाघरात बसून लिहिते आहे. मागच्या बाकावर.

घंटा झाली.
माझं नाव. आमेन. आजी सगळ्यांच्या नंतर म्हणाल्या.
मदरनी चिठ्ठी काढली. आचारीणबाई घेऊन गेल्या. चुलीचं झाकण वाजलं—

सगळे उठले. गेले. कोणीही नाही.
पेन जड झालंय. खूप—

माझं नाव.
आत्ता. मागून. कोणीतरी माझं नाव घेतलं. अगदी हळू, बाजारात हरवलेल्या पोरीला—
मागे भिंत आहे. मागे तर भिंत—

खांद्यावर हात. खरखरीत. सुताराचा.
बाबा?

मी त्या हातावर हात ठेवला. गरम आहे. बाबांचा नाही. तळव्याच्या मधोमध, आरपार, खिळ्याएवढं भोक—