तळघराकडचा फाटा

३ मार्च
काम मिळालं! शंभर वर्षांचं घर, सगळे लोखंडी पाइप गंजलेले, व्हॉल्व्ह असे अडकलेले की पान्याला लटकलं तरी हलेनात. महिनाभर पुरेल एवढं काम, राहायला वरच्या मजल्यावर खोली. बायकोला सातवा लागलाय, तिला एकटं सोडणं जिवावर आलं होतं. पण बाळ यायच्या आत परतेन. मालकीणबाई विधवा, एकट्याच, लाघवी. आधीचा प्लंबर काम अर्धवट टाकून पळाला, म्हणाल्या. असतात असे महाभाग.

४ मार्च
स्वयंपाकघरातला मेन व्हॉल्व्ह बदलला. बाई दिवसभर सिंकच्या पाइपाजवळ खुर्ची टाकून बसतात. नवरा गेल्यापासून घर खायला उठतं, पाइपांचा आवाज तेवढीच सोबत, म्हणाल्या. मला कणव आली.
तळघरातल्या बंद खोलीकडे पाइपाचा एक फाटा जातो, तो आत कुठेतरी गळतोय. किल्ली हरवलीय, तिकडे हात लावू नकोस, असं बाईंनी बजावलं. पण गळतं तसंच सोडणं मला जमत नाही. गुपचूप नवा व्हॉल्व्ह बसवून फाटा बंद केला.

५ मार्च
पाइप ठोके द्यायला लागला. दोन ठोके, थांबून पुन्हा दोन. लाइनीत हवा अडकली की होतं असं. रबर गुंडाळून आवाज दाबला. बाई एकदम बिथरल्या, जेवल्याही नाहीत.

७ मार्च
दात घासताना आठवलं. वर-खाली दोघे कामाला असलो की हाका पोचत नाहीत, म्हणून आम्ही प्लंबर पाइपावर ठोकतो. एक ठोका म्हणजे पाणी बंद कर. दोन म्हणजे सोड.
आधीचा प्लंबर पळालेला नाही.

दुपार
कुलूप तोडलं. फाट्याला तोंड लावून बसलेला. जीभ काळी. नखं नाहीत. अंग अजून कोमट. त्या गळतीवर जगत होता बिचारा, आणि मी— मीच—
तळघराचं दार बाईंनी वरून लावलं.

८?
ओरडलो. बाई दाराआडून म्हणाल्या, छान, असंच. मेन त्यांच्या हातात. ओरडलास की पाणी सोडीन, म्हणाल्या.
मग हट्टाने गप्प बसलो.

तहान.

ओरडतो. चार थेंब येतात. बायकोच्या नावाने ओरडलो की जास्त.

ती कुठे राहते, विचारत होत्या. बाळाच्या रडण्याने घर कसं भरून जाईल, म्हणाल्या. नाही सांगणार. मेलो तरी—

दोन दिवस थेंब नाही

सांगितलं. गल्ली, घर, मागचं दार उघडं असतं तेही. पाणी आलं. गोड लागलं.
बाई चपला घालतायत. ओरडतोय. बायकोसाठी ओरडायला हवं— पाणी चालू ठेवून जा, एवढंच तोंडातून—